निनादला पाठ असलेले वाढदिवस

माझी सगळी पापं आपल्याला ठाऊक आहेत, असं माझी बायको समजते. हे एक तिलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? — कोण जाणे. तुम्ही निनादला ओळखत नाही, म्हणून असेल.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत पुण्याहून आयटीवाल्यांची जपानकडे रीघ लागली होती. निनाद आणि मी एकाच कंपनीतून नागोयाला गेलो, एका मोटार कारखान्याच्या प्रोजेक्टवर. मी घासून जपानी शिकलो होतो. आदरार्थी क्रियापदंसुद्धा चोख. निनादला नमस्कार-चमत्कारापलीकडे काही येत नव्हतं. म्हणजे माझंच पारडं जड, नाही का? मी तरी तेच धरून चाललो होतो.

पण कारखान्याचे मॅनेजर ओकादा-सान तरुणपणी अमेरिकेत शिकलेले. तिथल्या कॉलेज फुटबॉलचं वेड घेऊन परतले होते — ते हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं फुटबॉल. नागोयात त्यांच्याशी त्यावर बोलणार कोण? आणि निनादचा मामा टेक्सासमध्ये. भाच्याला लहानपणापासून त्या खेळाची मासिकं पाठवणारा. जुन्या नामवंत खेळाडूंचे वाढदिवस निनादला सणवारांसारखे पाठ. सकाळी ऑफिसात शिरतानाच म्हणायचा, "ओकादा-सान, टुडे इज अ बिग बर्थडे." मग तो खेळाडू कुठल्या कॉलेजचा, त्याचा गुडघा कधी गेला, पुढे विमा विकत कसा फिरला — सगळं. एरवी मीटिंगमध्ये चेहऱ्यावरची रेघ हलू न देणारे ओकादा-सान टेबलावर थाप मारून हसायचे. माझ्या आदरार्थी क्रियापदांवर असं कधी कोणी खूश झालं होतं का?

मी जळायचो.

एकदा मीही इंटरनेटवरून एकाचा वाढदिवस शोधला आणि निनादच्या आधी जाऊन सांगितला. ओकादा-साननी आनंदाने विचारलं, त्याचा कुठला सामना आवडतो तुम्हाला? मी त्याचा एकही सामना पाहिलेला नव्हता. तेवढ्यात निनाद पलीकडून म्हणाला, "पावसातला तो शेवटचा. कालच मला सांगत होता हा." माझी लाज राखली त्याने. आणि तेव्हापासून — कसं सांगू — मला तो डोळ्यांसमोर नकोसा झाला. उपकार करणाऱ्याचा इतका राग येतो कोणाला? मला आला.

पुढच्या टप्प्यासाठी आमच्यापैकी एकालाच ठेवणार होते. निनादची बायको स्वाती पुण्यातली बँकेची नोकरी सोडून नुकतीच नागोयाला आली होती. हे मला माहीत होतं. आदल्या रविवारीच तिच्या हातची थालीपीठं खाऊन आलो होतो.

ओकादा-साननी मला एकट्याला बोलावलं. "निनाद-सान मला फार आवडतात," ते म्हणाले, "म्हणूनच माझ्या मतावर माझा भरवसा नाही. तुम्हाला भाषा येते, टीम तुमच्याशी मोकळेपणी बोलते. त्यांच्याबरोबर काम करणं लोकांना जड जातं का?"

जड जात नव्हतं. उलट टीम त्याच्यावर खूश होती. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी काय केलं? — मान जराशी तिरकी केली आणि दातांतून हवा आत ओढली. बस. तिथे कोणी कोणाची उघड निंदा करत नाही. असा श्वास ओढला की उरलेलं समोरच्याने समजून घ्यायचं असतं. हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. मी तिथल्या मीटिंगांमध्ये बसून शिकलो होतो.

ओकादा-साननी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "समजलं." पुन्हा विचारलं नाही. तिथल्या रीतीने ते विचारणार नाहीत, हेही मला ठाऊक होतं. आपण एक शब्दही खोटा बोललो नाही, असं मी किती वर्षं स्वतःला बजावत होतो. खोटंच होतं ते.

मी राहिलो. निनाद आणि स्वाती परत गेले. तिला ती नोकरी पुन्हा मिळाली नाही. त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो होतो — तेवढं धाडस होतं बघा माझ्यात. आत जाण्यापूर्वी निनादने मला मिठी मारली.

"ओकादा-सान म्हणाले, ठरवण्याआधी त्यांनी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "तू माझ्यासाठी भांडला असणार, माहितीये मला. थँक्स यार."

मी म्हणालो, "अरे, त्यात काय."