निवृत्तीभाऊंच्या नावाने मारलेली फुंक

निवृत्तीभाऊ सरळ चालत कधी गेलेच नाहीत. सातपूरच्या आमच्या कारखान्यात गेटपासून खात्यापर्यंत दोनशे पावलं असतील, तेवढ्यात ते चार ठिकाणी थांबायचे. कुणाच्या गाडीचं टायर दाबून बघ, वॉचमनला त्याच्या आईच्या गुडघ्याचं विचार, नळावर उगाच हात धू. "माणसानं माणसाला विचारावं, नायतर मशीन काय वाईट हाय?" म्हणायचे. मला वाटायचं, काय लाघवी माणूस. लाघवी होतेच. पण थांबायचं खरं कारण दम लागणं होतं, आणि रोज शेजारी उभं राहूनही ते कळायला मला दीड वर्ष लागलं.

ओतलेल्या लोखंडी भागांना चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासून काढायची, हे आमचं काम. धुळीने माखलेली सगळी तोंडं एकाच वयाची दिसायची. मास्क मिळायचे, पण निवृत्तीभाऊंचा कायम हनुवटीवर. "नाकतोंड बांधून माणूस बोलणार कसा?" वीस वर्षं त्यांनी अशीच काढली.

मी कारखान्याच्या कबड्डी संघात होतो. फेब्रुवारीत आमची वार्षिक तपासणी व्हायची, त्यात नळीत फुंकून फुप्फुसांचा जोर मोजायचे; तिच्या आदल्या दिवशी डबा खाताना त्यांनी आवाज खाली आणला. "तुझा दम लय मोठा हाय. उद्या माझ्या नावानं एक फुंक मारशील? मी नापास झालो तर घरी बसवतील. दोन्ही जुळ्या पोरी दहावीला, कमावता मी एकटा."

मला त्यात गंमतच वाटली, खोटं कशाला बोलू. सकाळी माझी फुंक मारली, दुपारी त्यांचं कार्ड घेऊन, टोपी ओढून पुन्हा रांगेत उभा राहिलो. तपासणारा बाहेरून आलेला. त्याने मान वर न करता कार्डावरचा नंबर लिहून घेतला आणि पुठ्ठ्याची नळी पुढे केली. "फुंका, फुंका, अजून, अजून... वा काका, फुप्फुसं एकदम उत्तम." हे मी सांगितलं तेव्हा निवृत्तीभाऊ खोकला येईपर्यंत हसले.

पुढच्या वर्षी त्यांनी विचारलंसुद्धा नाही, नुसतं कार्ड पुढे केलं. तोवर बोलताना त्यांचं वाक्य पुरं होत नव्हतं. मला ते दिसत होतं. तरी मी कार्ड घेतलं. मूर्ख म्हणा, भ्याड म्हणा, चालेल.

दिवाळीनंतर ते कामावरच खाली बसले. दवाखान्यात दोन्ही वर्षांचे रिपोर्ट दाखवले, त्यामुळे धुळीचा संशय कुणाला आला नाही. चार महिने क्षयाची औषधं झाली. शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि हवा आत ओढली जाते," त्या म्हणाल्या. "बारीक होत जाणाऱ्या नळ्यांतून ती द्राक्षाच्या घडासारख्या इवल्या पिशव्यांत पोचते. पिशव्यांची भिंत इतकी पातळ, की प्राणवायू तिच्यातून थेट रक्तात उतरतो. यांच्या पिशव्यांत वाळूची धूळ बसलीय. तिच्याभोवती व्रण धरून भिंती जाड आणि कडक झाल्यात. हवा आत जाते, पण रक्तात पुरेशी उतरत नाही. हे परत मऊ होत नाही. दोन वर्षांपूर्वी कळतं, तर धुळीतून बाहेर काढलं असतं. पण रिपोर्ट तर उत्तम."

मी खाटेपाशीच उभा होतो. निवृत्तीभाऊंनी माझं मनगट धरलं. बाई गेल्यावर प्राणवायूचा मास्क बाजूला करून म्हणाले, "गप बस... नायतर तुझीबी नोकरी जाईल. पोरी बारावी... झाल्या. बास."

पंधरा दिवसांनी ते गेले. शेवटी शेवटी खांदे उचलून, मानेच्या शिरा ताणून ते एकेक श्वास ओढत होते. बघवत नव्हतं.

दहाव्याला वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, तुम्ही रोज जोडीला व्हता. कामावर त्यांना दम लागलेला कधी दिसला का?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मागच्या अंगणाकडे बघितलं. "मग घरातच काहीतरी झालं. अंघोळीचं पाणी मी चुलीवर तापवायचे. धूर सगळा त्यांच्या खाटंकडं जायचा."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या एका मुलीचा फोन आला, सहज बोलता बोलता म्हणाली, आईने कुऱ्हाड घेऊन चूल फोडून टाकली.