डाग उतरताना

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोचा चेहरा बिघडवला तो मी, आणि काय होणार हे ठाऊक असून बिघडवला.

शिरड शहापूरला माझं मेडिकलचं दुकान आहे. पस्तिशी उलटल्यावर बायकोच्या हनुवटीवर, गालांवर मुरमं यायला लागली. ऐन वयात कधी आली नव्हती. तिला त्याचं फार वाटत नव्हतं. मला वाटत होतं. हट्ट्याच्या एका लग्नात, भर पंगतीत, माझी चुलत वहिनी म्हणाली, "मेडिकलवाल्याची बायको म्हणं ही. औषध काय परक्यालाच विकून राहिले का भाऊजी?" बाया हसल्या, बायकोही हसली. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातली एक ट्यूब घरी नेली.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चिठ्ठीशिवाय देऊ नये, मुरमांवर तर लावूच नये, हे मी फार्मसीला शिकलो होतो. पण चार दिवसांत चेहरा लख्ख होतो, हेही गिऱ्हाइकांकडून ऐकून होतो. झालाही. "तुमच्या हाताला गुण हाय," ती म्हणाली. ट्यूब संपली की मी दुसरी नेत गेलो.

उन्हाळ्यात ते उलटलं. एक दिवस ट्यूब चुकली की गाल चुलीपुढं बसल्यासारखे तापायचे. आधी दोन-चार फोड होते, आता सगळा गाल भरला, आणि बसलेल्या प्रत्येक फोडाचा काळपट डाग राहायला लागला. तिला वाटलं, अंगात उष्णता आहे. तिनं शेंगदाणे सोडले, तिखट सोडलं, लोणचं सोडलं. नुसता वरणभात घेऊन ती माझ्यासमोर जेवायला बसायची आणि मी ठेचा मागून घ्यायचो. 

शेवटी हिंगोलीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गाल निरखले, आम्ही नेलेली ट्यूब पाहिली आणि सरळ विचारलं, "हे ह्या ट्यूबमुळेच झालंय. कोणी दिली ही?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मीच आणली मॅडम, बाजारातून. ह्यांना ठावं नव्हतं."

परतताना बसमध्ये मी तिला विचारलं, असं काहून सांगितलं. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तिथं तुमाला बोलणी खाऊ द्यायची व्हती का? अन् तुमाला तरी काय ठावं, असं व्हईल म्हणून."

मी तिकिटाची घडी घालत बसलो.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ट्यूब हळूहळू सुटली. सकाळी साधं फेसवॉश, मग उन्हाचं मलम. ते लावून, वर रुमाल बांधून ती हळद खुरपायला निघाली की बाया विचारायच्या, खुरपायला चालली का शूटिंगला? पुढं रात्री हरभऱ्याच्या दाण्याएवढी जेल, साऱ्या चेहऱ्याला मिळून तेवढीच. फोडाला नख लावायचं नाही. बरेच दिवस काही फरक दिसेना, उलट थोडं वाढल्यासारखंच वाटलं.

मग एका सकाळी ती दारात तांदूळ निवडत बसली होती. उजेड तिच्या गालावर तिरपा पडला होता. कानाजवळचा जांभळट डाग तपकिरी झाला होता. मी चहा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आयुष्यभर औषधं विकली, पण गिऱ्हाईक पायरी उतरलं की पुढं काय होतं, ते कधी पाहिलंच नव्हतं. त्यानंतर मी रोज पाहत गेलो. तपकिरी डाग पातळ चहासारखा झाला, मग तो कुठं होता ते शोधावं लागे, आणि एक दिवस सापडलाच नाही. आतून नवी कातडी वर येत होती, कोणावर राग न धरता, ज्यानं जाळली त्याच्याच घरात. देवळातसुद्धा मी इतका गप्प कधी उभा राहिलो नसेन.

"काय पाहून राहिले?" ती विचारायची. काही न्हाई, म्हणायचो.

हनुवटीवरचे बारीक खड्डे राहणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. तिची तक्रार नाही. त्या ट्यूबा मी दुकानातून काढून टाकल्या. ज्या बायांना विकल्या, त्या दिसल्या की थांबवून सांगतो, ती लावू नका, डॉक्टरला दाखवा. कोणी ऐकतं, कोणी हसतं.

बायको अजूनही समजते की माझ्याकडून नकळत चूक झाली. मला ठाऊक होतं, एवढं तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.