चार बोल्टांची पूजा

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला १९९६च्या उन्हाळ्यात टाळं लागलं. लेथ चालवणारा टर्नर भिकन तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. वजन पन्नास किलो, मिशा सोडल्या तर अंगावर जादा काही नाही. पुढे त्याला जी कीर्ती मिळाली ती या वजनामुळे.

खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. सतरा वर्षं आपल्या लेथ मशीनला हार घातलेल्या माणसाला त्या वर्षी काही सुचेना. बायको साधना मखमलाबादच्या मळेकऱ्यांची. माहेरच्या झेंडूची तिने सवयीने माळ ओवली आणि विचारलं, "आता ही कुठं घालणार? सायकलीला?"

भिकन माळ शर्टात कोंबून निघाला. कारखान्याच्या मागे पाण्याची उंच टाकी होती. तिच्या लोखंडी शिडीवरून वर, टाकीच्या कठड्यावरून शेडच्या छपरावर, छपराच्या फुटक्या काचेतून क्रेनच्या गर्डरवर आणि गर्डरवरून खाली. भर दुपारी, वॉचमन डबा खात असताना, त्याने मशीनला माळ घातली, नमस्कार केला आणि आल्या वाटेने परतला.

संध्याकाळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर त्याने हे सांगितलं. बंद कारखान्याचे साठ-सत्तर कामगार रोज तिथे जमत, कारखाना कधी उघडणार याची चर्चा करत. दुसरं काम शोधणं म्हणजे आशा सोडली असं दिसलं असतं, म्हणून कोणी शोधत नव्हतं. युनियनचे अध्यक्ष देवराम यांनी विचारलं, "मशिनं कशी आहेत?"

"जागच्या जागी. धूळ आहे फक्त."

टपरीत जान आली. मशिनं आहेत म्हणजे कारखाना आहे. त्या दिवसापासून दर खंडेनवमीला भिकन वर जाई आणि सगळे खाली त्याच्या तोंडाकडे पाहत बसत. बाकीच्यांची पोटं फुटक्या काचेतून जाणारी नव्हती.

मान मिळाला की चटक लागते. भिकन पडलेल्या थिएटरच्या ऑपरेटरच्या खोलीत जाऊन आला, बंद डेअरीच्या धुरांड्यावर चढला, द्वारका चौकाजवळ अर्धवट राहिलेल्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर बसून त्याने भेळ खाल्ली. त्याच्या लेखी नाशकात दोनच प्रकारच्या इमारती होत्या: आत जायची परवानगी नसलेल्या आणि बिनकामाच्या. साधना म्हणे, "घरातला माळा आवरायला मात्र यांना चक्कर येते."

१९९९ साली तो काचेतून उतरला आणि गर्डरवरच बसून राहिला. खाली शेड रिकामं होतं. मशीन एकही नाही. कोणी, कधी, कुणाच्या सहीने नेली, देव जाणे. त्याच्या लेथच्या जागी जमिनीतून चार बोल्ट वर आले होते. माळ परत न्यायची तर साधनाला काय सांगणार? त्याने ती बोल्टांभोवती गुंडाळली आणि नमस्कार केला.

टपरीवर देवरामांनी विचारलं, "काय भिकनराव, सगळं जागच्या जागी?"

साठ-सत्तर कप हवेत थांबले होते. भिकन म्हणाला, "जागच्या जागी."

बोल्टांपुरतं ते खरंही होतं. पुढची चार वर्षं तो हेच सांगत राहिला. दर वर्षी वाटे, या खेपेला सांगून टाकू. पण खरं सांगितलं की तो पुन्हा पन्नास किलोचा बेकार टर्नर.

२००३ साली कामगारांच्या अर्जावर कोर्टाने पाहणीसाठी एक वकीलसाहेब नेमले. तारीख पडली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. नवमीला टपरीवर भिकनने घसा खाकरला, "अध्यक्ष, एक बोलायचं होतं."

"बोलायचं काय? भिकनने पाहिलंय. आता कोर्ट पाहील!" देवराम म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिकन बसला. त्या दुपारी पाचवा हार बोल्टांवर पडलेलाच होता.

पाहणीच्या दिवशी गेट उघडलं. हरसूलकडचा वॉचमन गेणू तीन वर्षं तिथे राखण करत होता. रिकामं शेड पाहून सगळ्यात मोठा आ त्याने वासला. "मला गेट सांभाळायला ठेवलंय," तो म्हणाला. "आत काय हाय, काय नाय, मला लय विचारू नका."

वकीलसाहेबांनी पंचनामा लिहिला आणि गेटवर मोठ्याने वाचून दाखवला. "सदर जागी यंत्रसामग्री आढळून आली नाही. जमिनीत पुरलेले चार बोल्ट आढळले. बोल्टांना झेंडूची माळ. माळ ताजी."

पंच म्हणून सही करायला वाकलेले देवराम तसेच वळले. "भिकन, किती वर्षं?"

"पाच."

"आणि आम्हाला सांगत होतास, जागच्या जागी?"

"तुम्ही विचारायचात तेही तसंच," भिकन म्हणाला. "पाच वर्षांत एकानं म्हटलं नाही, चल, मीही येतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "बोल्टराव की जय!" आणि भिकनची सात वर्षांची कीर्ती तिथेच संपली.

दिवाळीपर्यंत टपरी ओस पडली. सात वर्षं न मिळालेलं काम बहुतेकांना दोन महिन्यांत मिळालं. आभार मानायला भिकनकडे कोणी आलं नाही. देवराम रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने जात. भिकनलाही अंबडला एका वर्कशॉपमध्ये काम लागलं. तिथलं मशीन नवं होतं, त्याची पूजा मालक स्वतः करत.

पुढच्या खंडेनवमीला साधनाने माळ ओवली, काही न विचारता पुढे केली. भिकन टाकीशी गेला. शिडीला खालपासून पत्रा ठोकून दार केलं होतं आणि दाराला भलंमोठं कुलूप होतं. चोरायला काही उरलं नाही, तेव्हा कुठे बंदोबस्त झाला होता.

कुलूप त्याने ओढून पाहिलं. तेल घातलेलं होतं, पक्कं होतं. त्या आवारात आपलं काम नीट करणारं तेवढंच एक लोखंड होतं. भिकनने माळ त्याला घातली, नमस्कार केला आणि दुसरी पाळी गाठायला सायकलवर टांग टाकली.