गव्हाळ पिल्लू

आमच्या लिंबागणेशच्या शेतात बांधावर चिंच आहे. तिच्यावर घरटं दिसलं आणि माझे धाकटे दीर कुऱ्हाडीला धार लावायला बसले. कोंबडीची पिल्लं कमी होत होती.

"वहिनी, ती काळी घार चोर हाय. पांढरी नुसती टेहळणी करती. दोघींची मिलीभगत हाय."

मी दुर्बीण लावली आणि मला हसू आवरेना. घारी नव्हत्याच त्या. दोन्ही मधुबाज, नवरा-बायको. बायको जवळजवळ काळी, नवरा पांढरट. या पक्ष्यात सगळे रंग निघतात, त्यामुळे रंगावर जाणारा माणूस हमखास फसतो. खरी ओळख लांब मान आणि पुढे कबुतरासारखं बारकं डोकं. खाणं मधमाश्यांच्या पोळ्यातल्या अळ्या. पिल्लं पळवणारा शिक्रा होता, तो छोटा शिकारी पक्षी, हे मी परोपरीनं सांगितलं.

"काळी ती काळीच," दीर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. माझं लग्न ठरताना मध्यस्थांनी मला याच घरात 'गव्हाळ' म्हणून खपवलं होतं. बायोडेटात आमच्याकडे काळी मुलगी नसतेच.

"रविवारपर्यंत थांबा," मी म्हणाले. "तोवर त्यांनी आणलेलं पोळं नाही दिसलं तर तोडा फांदी. मी पुन्हा दुर्बीण गळ्यात घालणार नाही."

बोलून बसले खरी, पण आठवडाभर शाळेत शिकवताना लक्ष त्या चिंचेवरच होतं.

रविवारी चिंचेखाली पोळ्याचा तुकडाही नव्हता. दीर कुऱ्हाड घेऊन उभे. तेवढ्यात काळी आली, पायात पोळं. घरट्यात ठेवताना एक तुकडा निसटून खाली पडला. दिरांनी तो उचलला, आतल्या अळ्या पाहिल्या, बोटाला लागलेला मध चाटला. संध्याकाळी खुराड्यावर जाळी बसली आणि कुऱ्हाड पुन्हा सरपणाला लागली.

या शिवारात पक्षी ओळखावेत तर मीच, हे मी आता बिनदिक्कत सांगते. दीर तर माझ्याही पुढे गेलेत. कुणी गोफण उचलली की ओरडतात, "रंग काय बघतो बे? मान बघ!"

घरट्यातून पिल्लानं डोकं काढलं त्या दिवशी त्यांचा शाळेत फोन आला.

"वहिनी, आई काळी, बाप पांढरा, अन् पिल्लू गव्हाळ हाय!"

"खरंच गव्हाळ," मी विचारलं, "का माझ्यासारखं गव्हाळ?"