बाईंनी जुळवलेला कॉम्प्युटर

एकतीस वर्षं मी सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं माझ्या नवऱ्यानं लोकांच्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. नवऱ्याला निवृत्त करणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तो चालूच राहिला. ड्रोन उडवणारी पोरं आल्यापासून लग्नाच्या ऑर्डरी मात्र कमी झाल्या होत्या. तेवढ्यात एक वेगळंच काम सुरू झालं. पूर्वी ज्यांची लग्नं त्यानं शूट केली होती तेच लोक कपाटातली कॅसेट घेऊन परत यायला लागले. घरातला व्हीसीआर भंगारात गेलेला, आणि आता त्यांना आपलं लग्न मोबाइलवर बघायचं होतं.

नवऱ्याकडे दोन व्हीसीआर होते, दोन्ही चालू. अडचण कॉम्प्युटरची होती. कॅसेटवरचं लग्न आत घेतल्यावर ते स्वच्छ करायचं आणि मोबाइलवर मावेल इतकं लहान करायचं, एवढ्याला आमचा जुना कॉम्प्युटर एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत घरघरत बसायचा. मधेच वीज गेली की पुन्हा मुहूर्तापासून सुरुवात. शेवटी नवीन कॉम्प्युटर सुटे भाग घेऊन जुळवून घ्यायचा असं ठरलं, आणि भागांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. घरात गणिताची बाई रिकामी बसलेली होती ना.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. निवृत्त झाल्यापासून मी दुपारी मोबाइलवर लोकांना ट्रक चालवण्याचा एक गेम खेळताना बघत असे. बघत असे म्हणजे रोज बघत असे. मी आयुष्यात काहीच चालवलेलं नाही, साधी स्कूटरसुद्धा नाही. आमच्या स्कूटरवर पुढं नवरा, मधे ट्रायपॉड आणि मागं लाइटची बॅटरी मांडीवर घेतलेली मी, अशी वर्षं गेली. तो गेम चांगला चालायला मोठं ग्राफिक्स कार्ड लागतं हे मला कळलं होतं. नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की व्हिडिओच्या कामाला ग्राफिक्स कार्डाची मदत होते. ते खरं होतं. पुढचं वाक्य मी सांगितलं नाही, इतकंच.

यादी घेऊन मी नवी पेठेतल्या एका बोळातल्या दुकानात गेले. बाहेर काउंटरवर एकजण मोबाइलची कव्हरं विकत होता. आतल्या खोलीत त्याची बहीण कॉम्प्युटर जुळवत बसली होती. मला बघून ती स्क्रूड्रायव्हरसकट उठून उभी राहिली.

ती माझी विद्यार्थिनी निघाली. नववीला खिडकीजवळच्या बाकावर बसायची, घरी दखनी उर्दू बोलायची आणि वर्गात फारसं काहीच बोलायची नाही. गणितात ती कशीबशी पास व्हायची हेही मला आठवलं, आणि आठवलं म्हणून ते तोंडावर दिसलं असावं.

"छत्तीस नव्हते बाई, एकेचाळीस होते," ती म्हणाली आणि खुर्ची पुढं केली.

मी दिलेली यादी तिनं लाल पेन काढून तपासली. प्रोसेसरला बरोबरची खूण केली. त्यात कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे हात, भरपूर होते आणि व्हिडिओ लहान करायच्या कामात ते सगळे एकदम जुंपले जातात. मेमरी दुप्पट केली. गेलेली कॅसेट परत मिळत नाही म्हणून साठवणीला एक मोठी हार्ड डिस्क आणि तिची नक्कल ठेवायला दुसरी, असं वाढवलं. पॉवर सप्लायच्या ओळीपाशी मात्र ती थांबली. मी तो यादीत सगळ्यांत शेवटी टाकला होता, आणि दिसला त्यातला स्वस्त टाकला होता. तिनं त्याला गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'पुन्हा करा.' मग समजावलं की सगळे भाग ज्याच्या जिवावर चालतात तो हा, आणि आपल्याकडची वीज दिवसातून चार वेळा रुसणारी. हाच हलका घेतला तर बाकीचं सगळं घेऊन बुडेल. मी मान हलवली. माझ्यासमोर उभ्या राहून मुली अशीच मान हलवायच्या.

मग तिनं घराबद्दल विचारलं. खोली वरच्या मजल्यावर आहे का, वर पत्रा आहे की स्लॅब, आजूबाजूला माग आहेत का. आमच्या गल्लीत टॉवेलचे यंत्रमाग आहेत. सुताची बारीक लव सगळीकडे बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुंडीतल्या पानांवर, कपाट बंद असलं तरी आतल्या पुस्तकांवर. हे ऐकल्यावर तिनं माझा कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसवायचा डबा, खोडून दुसरा लिहिला, पुढं बारीक जाळी असलेला, तीन मोठ्या पंख्यांचा. एप्रिलमध्ये खोली भट्टीसारखी तापते, त्यात हे मशीन तासन्‌तास राबणार, आणि ती लव पंख्यांबरोबर आत ओढली जाणार.

"तुमच्या भागातले कॉम्प्युटर मी उघडते ना बाई, तेव्हा आतून गादी निघते," ती म्हणाली.

शेवटी ती ग्राफिक्स कार्डावर आली. लग्नाच्या व्हिडिओला एवढं मोठं कार्ड लागत नाही, मग गेम कोण खेळणार, असं तिनं यादीवरची नजर न उचलता विचारलं. मी म्हटलं, पुण्याची भाची सुट्टीत येते. काय खेळते? ट्रक चालवते. कितवीला आहे? याचा मी विचारच केला नव्हता. एकतीस वर्षं प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नाही. बारावी, असं मी सांगितलं. वही घरी राहिली असं सांगणाऱ्या मुलीकडे मी जशी बघायचे, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

मग तिनं एक जुनी गोष्ट काढली. नववीत ती बाकाखाली लपवून खेळत असताना मी तिचा विटांचा गेम जप्त केला होता. वरून विटा पडतात आणि त्या ओळीत बसवायच्या असतात, तो हातातला छोटा गेम. वर्षअखेरीला घेऊन जा असं मी म्हणाले होते. ती तीनदा आली, आणि तिन्ही वेळा मी कपाटाची किल्ली सापडत नाही असं सांगितलं.

ते मला पक्कं आठवत होतं. किल्ली हरवलीच नव्हती. गेम मी घरी नेला होता. दिवाळीची अख्खी सुट्टी मी तो खेळले, इतका की त्याचं डावीकडचं बटण आत गेलं ते वर आलंच नाही. अशा अवस्थेत तो परत कसा द्यायचा म्हणून दिला नाही. हे सगळं मी तिला तिथंच, त्या खुर्चीवर बसून सांगून टाकलं.

तिनं पेन खाली ठेवलं. "तुमचा स्कोअर किती झाला होता?"

मी आकडा सांगितला. तो मला अजून पाठ होता.

तिनं पेन पुन्हा उचललं. "माझा जास्त होता," ती म्हणाली.

त्यानंतर भाचीचा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही. यादीतलं कार्ड तिनं आणखी एक पायरी वरचं केलं.

घरी नवऱ्याच्या दोन अटी होत्या. एक, त्याच्या सागवानी रॅकमध्ये व्हीसीआरच्या खालच्या कप्प्यात कॉम्प्युटर बसला पाहिजे. दुसरी, त्यात रंगीत दिवे नकोत. जन्मभर लोकांच्या तोंडावर हॅलोजन मारणाऱ्या माणसाला स्वतःच्या खोलीत दिवे नको होते. तिनं लिहिलेला कॅबिनेट कप्प्यात बसत नव्हता आणि त्यात दिवेही होते. म्हणून मी स्वतः शोधून एक छोटा, काळा, गरीब स्वभावाचा कॅबिनेट निवडला. कप्पा तीनदा मोजला. कॅबिनेटच्या आतली जागा तीनशे पंधरा मिलिमीटर, कार्ड तीनशे पाच, म्हणजे दहा मिलिमीटर शिल्लक. हा हिशेब कागदावर मांडून मी तिला दाखवला. तिनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "गणित तुमचं, बाई." त्या सुरावरून मला कळायला हवं होतं.

जुळवणीच्या दिवशी मी दुकानात जाऊन बसले. तिच्या हाताचं काम बघण्यासारखं होतं. प्रोसेसर तिनं दोन बोटांनी असा ठेवला की आवाज नाही. मेमरी बसली, डिस्का बसल्या, पुढचे पंखे लागले. मग तिनं कार्ड उचललं, आत सरकवलं, आणि ते अडलं. बाहेर काढून तिरकं करून बघितलं. पुन्हा अडलं. मग तिनं माझ्या कागदाकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. ती आतली जागा रिकाम्या कॅबिनेटची होती. पुढच्या पंख्यांचीच जाडी पंचवीस मिलिमीटर. शिल्लक दहा, गेले पंचवीस.

बाहेर काउंटरवरच्या भावाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "बाई, हातचा राहिला."

हे वाक्य मी किती मुलींना ऐकवलं असेल याची गणती नाही. ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. कानापर्यंत गरम होतं. थोड्या वेळानं मला हसू आलं, आणि मी हसल्यावर तीही हसली, बराच वेळ थोपवून धरल्यासारखी. मग तिनं मागच्या फळीवरून एक खोकं काढलं. पहिल्या दिवशी तिनंच लिहिलेला कॅबिनेट होता तो, कुणाला न देता बाजूला ठेवलेला. दिव्यांचं काय, असं मी विचारलं. ते बंद करता येतात, असं तिनं सांगितलं.

घरी नवऱ्यानं तो कॅबिनेट सगळ्या बाजूंनी बघितला. आपल्या लग्नातला फ्रीज याहून लहान होता, एवढंच बोलला, आणि रॅकची मधली फळी खोलायला घेतली. पहिल्या दिवशी दिवे बंद कसे करायचे ते आम्हाला सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी मला सापडलं, तेव्हा तो म्हणाला, राहू देत, त्या उजेडात कॅसेटवरची नावं वाचता येतात.

त्याची समजूत अशी होती की आता कॅसेट पंधरा मिनिटांत आत जाईल. तीन तासांची कॅसेट तीन तासच चालली. त्यानं माझ्या विद्यार्थिनीला फोन लावून तक्रार केली. तिनं शांतपणे सांगितलं की कॅसेट आपल्याच चालीनं फिरणार, तिला घाई करणारं मशीन अजून निघालेलं नाही. वेळ वाचेल तो पुढच्या कामात. आणि वाचलाही. ज्याला पूर्वी दिवस जायचा ते काम त्याचं जेवण व्हायच्या आत संपलं. त्यामुळे तो खूश झाला नाही, उलट त्याला संशय आला. काहीतरी गाळलं असणार म्हणून त्यानं ते अख्खं लग्न अक्षतांपासून पाठवणीपर्यंत बसून तपासलं. काहीच गळलं नव्हतं.

दुपारी तो कामं पोचवायला बाहेर पडायचा आणि मी कानाला हेडफोन लावून ट्रक काढायचे. पहिले काही दिवस मी गोदामाच्या फाटकाबाहेरच पडू शकले नाही. मग रस्त्याला लागले. माल भरायचा, नकाशा बघायचा, शे-दोनशे किलोमीटर जायचं आणि ट्रकमागचा ट्रेलर मागं घेत माल उतरवायच्या धक्क्याला लावायचा. ते शेवटचं मला एकदाही जमलं नव्हतं. ट्रेलर नेहमी मला हवं त्याच्या उलटं वळायचा.

एके दिवशी अशीच मी बावीस टन लाकूड घेऊन घाटात होते. एका वळणावर मागून कुणीतरी बोललेलं हेडफोनमधूनही ऐकू आलं.

"ताई, गाडी लोड हाय न्हवं? मग वळणाच्या आदीच गेर उतरवायचा की."

मी वळून बघेपर्यंत ट्रेलर कठड्याला घासला. मागं नवरा उभा होता, आणि त्याच्याबरोबर टेंभुर्णीहून आलेला एक गिऱ्हाईक. स्वतःच्या लग्नाची फाइल न्यायला आला होता. त्याच्या घरच्या चार मालगाड्या होत्या आणि तो स्वतः वीस वर्षं चालवत होता. दोघं बराच वेळ मागं उभे होते म्हणे. नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत झाली नाही. हेडफोन काढून उठायला लागले, तर गिऱ्हाईक म्हणाला, बसा बसा, आता मधेच सोडू नका, गाडी रस्त्यात हाय.

म्हणून मी बसले. त्यानं मला मागून सांगत सांगत घाट उतरवून दिला. रस्ता परदेशातला आहे हे कळल्यावर त्यानं एकदाच विचारलं, "खड्डा न्हाई व्हय कुटं?" धक्क्यापाशी पोचल्यावर मी खुर्ची त्याला दिली. कीबोर्डवर बोटं ठेवून तो आधी वाकून आरसे शोधत होता. मी आरसे दाखवले. मग त्यानं तो ट्रेलर एका दमात मागं नेऊन धक्क्याला लावला, आणि पुन्हा पुढं घेऊन मला लावायला लावला. हात उलटा फिरवायचा, मागचं धूड सुलटं जातंय, हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं की माझ्या डोक्यात बसलं. चौथ्या खेपेला लागला. नवऱ्यानं तोपर्यंत चहा केला होता. मोहोळला पोचल्यावर गिऱ्हाइकाचा फोन आला की लग्नाचा पेन ड्राइव्ह आमच्या टेबलावरच राहिलाय.

रात्री जेवताना नवरा कार्डाबद्दल काही बोलेल म्हणून मी वाट बघत होते. भाकरी संपत आल्यावर तो म्हणाला, "त्या गेमवाल्यांनी कॅमेरा चुकीचा लावलाय. चाकाशी खाली ठेवला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घराबाहेर गेलाच नाही. स्टूल घेऊन शेजारी बसला. मी चालवत असताना गेमचं रेकॉर्डिंग कसं करता येतं हे त्यानं माझ्या विद्यार्थिनीला फोन करून विचारून घेतलं, आणि आता माझी प्रत्येक खेप तो रेकॉर्ड करतो. नंतर बसून त्या खेपेचं एडिटिंग करतो. त्याच्याकडे लग्नाचे जे इफेक्ट आहेत तेच सगळे त्यात येतात. माझा ट्रक गुलाबाच्या पाकळ्यांतून रस्त्यावर येतो, बोगद्यात शिरताना बदामाच्या आकारात लहान होत जातो, आणि माल उतरवताना कोपऱ्यात दोन हंस तरंगतात. पहिली फिल्म तिनं दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावली. गिऱ्हाइकं थांबून बघतात असं तिचं म्हणणं आहे. नवऱ्याला आता खाली सनई टाकायची आहे. मी नको म्हणते. यावर आमचं अजून ठरलेलं नाही.