बिनमिठाची पंधरा मिनिटं

पोटरी आखडली तेव्हा मी धावतसुद्धा नव्हतो. ट्रेनिंग संपलं होतं. मी वाकून बुटाची नाडी सोडत होतो, तेवढ्यात उजव्या पायात कोणी दोरी पिळावी तसं झालं. मी गवतावर आडवा झालो. आमची फिटनेस कोच नीनो धावत आली. तिनं माझी टाच धरून पंजा वर दाबला आणि विचारलं, "मघाशी दिलेली बाटली प्यायलास?"

"नाही. साधं पाणी प्यायलो."

"का?"

"बाटलीत मीठ आहे."

ती माझ्या मुंडन केलेल्या डोक्याकडे पाहत राहिली. मी आठवडाभर गावी जाऊन आलो होतो आणि वडील गेले, एवढं तिला माहीत होतं. मिठाचं माहीत नव्हतं. ते मी तिला तिथंच पडल्या पडल्या सांगितलं. आमच्या घरची रीत अशी की आई किंवा वडील गेले तर दहाव्यापर्यंत मुलांनी दिवसातून एकदाच जेवायचं, आणि तेही अळणी.

"आणि दहावा कधी?"

"रविवारी."

नीनोनं माझा पाय खाली ठेवला. आमचा सामना शनिवारी होता.

हा फुटबॉल क्लब जॉर्जियातला, काळ्या समुद्राकाठच्या एका शहरातला, दुसऱ्या डिव्हिजनमधला. मी तिथं होल्डिंग मिडफिल्डर होतो. म्हणजे डिफेन्सच्या पुढ्यात उभा राहणारा माणूस. गोल तो करत नाही. मागून आलेला चेंडू घ्यायचा, वळायचं, योग्य माणसाकडे द्यायचा आणि समोरच्यांचा हल्ला मधेच तोडायचा, हे त्याचं काम. प्रेक्षकांना तो क्वचितच दिसतो, पण संघात सगळ्यात जास्त पळतो तोच. आणि जो पळतो त्याच्या घामातून मीठ जातं. ते परत भरलं नाही तर स्नायू ऐकेनासे होतात. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहिलं तर उरलंसुरलं मीठही पातळ होतं. हे मी अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

शनिवारचा सामना मोसमातला शेवटचा. हरलो असतो तर क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होता, आणि तसं झालं की परदेशी खेळाडूंचे करार आपोआप रद्द, असं करारातच होतं. बरोबरी पुरेशी होती. वयाच्या एकतिसाव्या वर्षी दुसरा क्लब शोधणं म्हणजे काय, ते या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

संध्याकाळी हेड कोच झुराब यांनी केबिनमध्ये बोलावलं. मी बसमध्ये पुस्तक वाचतो म्हणून ते मला प्रोफेसर म्हणत.

"प्रोफेसर, देव मानतोस?"

"फारसा नाही."

"मग?"

 

"वडिलांसाठी आहे," मी म्हणालो.

ते टेबलावरच्या मॅग्नेटच्या सोंगट्या सरकवत राहिले. माझ्या जागेवरची सोंगटी त्यांनी उचलून बाजूला ठेवली. "मीठ खाशील तर खेळशील. मला नव्वद मिनिटं पाहिजेत. शुक्रवारपर्यंत सांग."

खोलीवर येऊन मी अकोल्याला फोन लावला. पातूर रोडला आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती आणि पालेभाजी. बाबा ती अकोल्याच्या बाजारात न्यायचे. दुखण्याचे सगळे महिने धाकटा भाऊ गजू त्यांच्यापाशी होता. दवाखाना त्यानंच केला, अग्नीही त्यानंच दिला. मी पोचलो तो राख सावडायच्या दिवशी. तीन दिवस राहिलो, दहाव्याला नसणार म्हणून आधीच केस उतरवले आणि परत निघालो.

फोन मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं घेतला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील.

"खाय नं मंग," ते म्हणाले. "कामावर गेलेल्या मानसाले कायचं सुतक? तिथं कोन पाहून राहिलं तुले?"

"कोणी नाही."

"मंग? मीठ खाय आन् खेय. तुह्या बापाले काय, तुले मैदानात पाह्यलं का बरं वाटे."

मग माय बोलली. "बाप्पा, तू जेव. तब्येत पाय आपली." एवढंच बोलून तिनं फोन गजूकडे दिला. गजू अंगणात गेला असावा, कारण आवाज मोकळा झाला.

"दादा, काहून करून राहिला हे?"

"तूही करतोच आहेस ना."

"मी घरी हाओ. मले कोनाच्या मांगं पयाचं नाई." मग म्हणाला, "बाबा दवाखान्यात व्हते तवा तू मैदानात व्हता. आता मैदानात राहाची येळ हाय, तं तू सुतक पाळून राहिला. नेमी उलटंच कसं रे तुह्यं?"

  त्याच्या मागे पाण्याची मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"जेवलास का?" मी विचारलं.

"जेवलो. अळनी वरन-भात. मायनं फोडनीबी नाई देल्ली," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

घरचे खा म्हणत होते, क्लब खा म्हणत होता. अडवणारा मी एकटाच होतो. पण बाबांच्या दुखण्यातलं, मरणातलं सगळं गजूच्या वाट्याला गेलं होतं. माझ्या वाट्याला आलेलं हे अळणी जेवण एवढंच होतं, आणि तेही आता एका दिवसासाठी सोडायचं होतं. शुक्रवारी मी झुराबना जाऊन सांगितलं की मीठ खाणार नाही.

"ठीक," ते म्हणाले. "बेंचवर बस." सबस्टिट्यूट कमी होते म्हणून तेवढी जागा तरी मिळाली.

शनिवारी गार वारा सुटला होता. माझ्या जागी लाशा नावाचा स्थानिक खेळाडू होता. चांगला होता, पण तापट. पहिल्या अर्ध्यात त्यानं सगळीकडे धाव घेतली, आणि दुसऱ्या अर्ध्यात कुठंच पोचेना. गोल कोणाचाच नव्हता. समोरचा संघ मात्र आता मधूनच आत घुसायला लागला होता, नेमका माझ्या जागेवरून. मी बेंचवर बसून ते भोक पाहत होतो.

लाशा पाय धरून खाली बसला तेव्हा झुराबनी माझ्याकडे पाहिलं नाही. नीनोकडे पाहिलं. नीनो माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"तुझ्यात किती आहे?"

"वीस मिनिटं."

"खोटं बोलू नकोस. तू पडलास तर आम्ही दहाजण. आता बदलायला दुसरा कोणी नाही."

मी पोटऱ्या दाबून पाहिल्या. "पंधरा. तीही पळून नाही. उभं राहून."

तिनं घड्याळ पाहिलं आणि मान वळवून झुराबना बोटांनी पंधरा दाखवले. सामना संपायला इंज्युरी टाइम धरून साधारण तेवढाच वेळ होता.

मी आत गेलो. पळता येणार नव्हतं, म्हणून मी फक्त पाहायचं ठरवलं. आमच्या कामात त्याला स्कॅनिंग म्हणतात. चेंडू यायच्या आधी मान वळवून दोन्ही खांद्यांवरून मागं पाहायचं, कोण कुठं आहे ते डोक्यात ठेवायचं. जो आधी पाहतो त्याला कमी पळावं लागतं. त्या दिवशी मी मान इतकी फिरवली की समोरच्या संघातला एक जण हसून काहीतरी बोलला. चेंडू आला की एका स्पर्शात द्यायचा. जवळच्याला द्यायचा. आणि त्या भोकात जाऊन उभं राहायचं.

शेवटाकडे त्यांचा दहा नंबरचा खेळाडू चेंडू घेऊन सरळ माझ्यावर आला. मी डावीकडे पाऊल टाकलं आणि पोटरी आखडली. पाय हलेना. तो माझ्या बाजूनं निघून जाणार हे मला दिसत होतं. त्याच्या पलीकडे फक्त आमचा गोलकीपर होता. मी हात पुढे करून त्याचा शर्ट पकडला आणि त्याच्यासकट खाली पडलो. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. गोलपासून बरंच लांब होतं, आमचे दोघे धावत मागे येत होते, म्हणून लाल निघालं नाही. त्यांची फ्री किक आमच्या खेळाडूंनी केलेल्या भिंतीला लागून बाहेर गेली. मी भिंतीत एका पायावर उभा होतो.

शिट्टी झाली. बरोबरी. क्लब वाचला. ड्रेसिंग रूममध्ये सगळे नाचत होते आणि नीनो जमिनीवर बसून माझा पाय दाबत होती.  बाटली तिनं पुन्हा समोर धरली नाही.

रविवारी सकाळी गजूचा फोन आला. नदीवरून बोलत होता.

"झालं, दादा. कावया शिवला."

"लवकर शिवला?"

"पत्रावय ठेवली आन् लगेच. तुह्या मिठासाठी नाई थांबला तो." मग आवाज उतरवून म्हणाला, "आता खाय."

मी बटाटे उकडले होते. एकावर मीठ टाकलं. हात सुटून जास्त पडलं. तसंच खाल्लं.

महिन्याभरानं करार वाढला. नव्या मोसमात झुराबनी मला शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांचा माणूस करून टाकलं. संघ पुढे असला की सामना थंड करायला मला आत पाठवायचे. मीठ पोटभर खात होतो, नव्वद मिनिटं पळू शकत होतो, नीनोचे आकडेही तसंच सांगत होते. मी एकदा झुराबना हे बोलून दाखवलं. "प्रोफेसर, पंधरा मिनिटांत तू जे करतोस ते नव्वदवाला करत नाही," ते म्हणाले. त्यानंतरच्या दोन मोसमांत मी पहिल्या अकरात एकदाही आलो नाही.

आमच्या धंद्यात अंगातलं बळ कमी का आहे, हे कोणी फार विचारत नाही. किती आहे ते विचारतात. तो आकडा खरा सांगावा. मात्र खरा सांगितला की पुढं तेवढंच काम मिळत राहतं, हे धरून चालावं.