अहिवाऱ्याचा रिकामा रस्ता आणि बाबांचे कान

बाबांची सायकल विकायची की ठेवायची, हे ठरवायला आम्ही अहिवाऱ्याला गेलो. कारण ऐकून हसू येईल, पण घरात त्यावरून दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

बाबा सत्तरीचे. पोलादाच्या प्लांटमध्ये, रेल मिलला, चौतीस वर्षं काढली आणि त्या आवाजात डावा कान गेला, उजव्यात थोडं उरलंय. कानाचं मशीन आहे, पण सायकलवर वारा लागला की त्यात नुसती घरघर होते, म्हणून ते कपाटातच राहतं. गेल्या महिन्यात सुपेल्याच्या बाजाराजवळ मागून ट्रक आला, हॉर्नवर हॉर्न मारत राहिला आणि बाबा मधोमध आपल्याच तंद्रीत. ड्रायव्हरने ब्रेक लावला म्हणून निभावलं. शेजाऱ्यांनी ते पाहिलं आणि आईला सांगितलं.

"तुह्या बाबाले ऐकू येत नाही अन् ट्रकवाल्याले दिसत नाही," आई म्हणाली. "रविवारी भंगारवाला आला की देऊन टाकतो सायकल."

बाबा जेवण अर्धं टाकून उठले. मग मीच मध्ये पडले. म्हटलं, गाड्या नसलेला रस्ता शोधते, शनिवारी आम्ही दोघं जाऊन येतो. बाबा पुढे, मी मागे. त्यांचे कान मी होईन.

"धड आले तर ठेवू," आई म्हणाली.

हे मी बोलून बसले खरी, पण मी जन्माची भित्री. लिफ्टमध्येसुद्धा दाराशी उभी राहते. शुक्रवारी रात्रभर मला ट्रकच दिसत होते.

आता ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी. आमच्या वसाहतीतल्या सेक्टर 2 मधून साडेसहाच्या आत निघा. जामुलपर्यंतचा टप्पा सगळ्यात वाईट, सिमेंटचे ट्रक तिथूनच सुटतात, आणि सातनंतर त्यांची रांग लागते. जानेवारीचं धुकं होतं, मी दोन्ही सायकलींना मागे लाल दिवे बांधले होते. बाबांचं स्वेटर माझ्यापुढे दहा हातांवर. मागून काही आलं की मी घंटी वाजवायची, हे आमचं ठरलेलं. पहिली घंटी वाजवल्यावर लक्षात आलं की ती त्यांना ऐकू येणारच नाही. तेव्हा प्रत्येक ट्रकच्या वेळी मी जोर लावून त्यांच्या बरोबरीला जायचे आणि हाताने कडेला दाबायचे. जामुलचा चौक ओलांडेपर्यंत हेच चाललं.

जामुलनंतर अहिवाऱ्याचा मोठा रस्ता सोडून द्या आणि नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाने लागा. तिथून जे सुरू होतं त्यासाठीच हा खटाटोप. कापणी झालेली धानाची शेतं, बांधाबांधावर बाभळी, मध्येच लाखोळीचा हिरवा पट्टा. रस्ता कुठे डांबरी, कुठे मुरमाचा. तासाभरात दोन मोटरसायकली आणि एक ट्रॅक्टर, बस्स. बाभळीचे काटे मात्र फार, पंक्चरचं सामान आणि पंप विसरू नका. आमची एक ट्यूब गेलीच. बाबांनी ती नहराच्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला आणि दहा मिनिटांत जोडली.

"कावून भिऊन राहिली?" ते म्हणाले. "मी पन्नास वर्षं सायकल चालवून राहिलो."

"तेव्हा ऐकू येत होतं, बाबा," मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडले. त्यांनी पंप बांधला आणि पुढे निघाले.

अहिवाऱ्याला दहाला पोचलो. बसस्टँडजवळ एका बाईंच्या टपरीवर तांदळाच्या पिठाचा गरम चीला आणि टोमॅटोची चटणी, चाळीस रुपयांत पोट भरतं. बाबांनी दोन प्लेट खाल्ल्या आणि बाकावर अंग टाकलं. एक वाजेपर्यंत चांगली झोप काढली त्यांनी. मी घोरणं ऐकत बसले, आणि तोच काय तो दिवसातला निवांत वेळ होता.

निघताना मी बाईंना विचारलं, परतीला याहून शांत रस्ता आहे का. त्यांनी टपरीमागून जाणारा खदानीकडचा एक रस्ता दाखवला. इथे चुनखडीच्या खाणींना खदानच म्हणतात. "फेर ओ रद्दा म मंझनिया कोनो नइ जाय," त्या म्हणाल्या. पण त्या रस्त्याने दुपारी कुणी जात नाही. मला तर हेच हवं होतं. कुणी जात नाही म्हणजे गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणजे भीती नाही. का जात नाही, हे विचारायचं सुचलं नाही.

रस्ता खरंच सुंदर होता. गुळगुळीत, सरळ, पांढरट धुळीचा. पण पाव तास झाला तरी समोरून माणूस नाही, तेव्हा मला उलटीच धास्ती वाटायला लागली. शेतात कोणी नव्हतं. चिंचेखाली शेळ्यांचा कळप घेऊन एक म्हातारी बसली होती, तिने हात हलवला. मीही हलवला.

तेवढ्यात लांबून भोंगा वाजला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आम्ही प्लांटची माणसं भोंग्यावर वाढलोय. शाळा, स्वयंपाक, पाहुणे, सगळं शिफ्टच्या भोंग्यावर. बाबांना तो आता ऐकू येत नाही, म्हणून ते रोज दुपारी विचारतात, "झाला का भोंगा?" आम्ही हो म्हटलं की मनगटावरच्या चावीच्या घड्याळाचा काटा दोनवर आणतात. घड्याळ मागे पडतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

बाबांनाही काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी पाय टेकला आणि मागे वळून विचारलं, "काही वाजलं का?"

"भोंगा, बाबा. दोनचा," मी दोन बोटं दाखवत सांगितलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं! मान हलवून त्यांनी काटा दोनवर आणला आणि टांग मारली. प्लांट तिथून किती कोस लांब, आणि हा आवाज चढत होता, उतरत होता, आमच्या भोंग्यासारखा एकसुरी नव्हता. हे सगळं मला ऐकू आलं होतं. पण भोंगा म्हटला की शिफ्ट, यापलीकडे डोकं गेलंच नाही.

मी बाटली काढून पाणी प्यायले. झाकण लावलं तेव्हा बाबा दोनशे पावलं पुढे होते, आणि उजवीकडच्या बांधावरून एक माणूस लाल फडकं हलवत धावत येत होता.

"ए दीदी! आघू झन जा! बारूद फूटही!"

पुढे जाऊ नको, सुरुंग उडणार आहे. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बाबा!" तीनदा ओरडले. मग कळलं की मी कुणाला हाका मारतेय.

सायकल कशी हाणली ते मला माहीत नाही. मी उतारावरही ब्रेक धरून चालवणारी बाई. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्या पाण्यातून बाबांचं राखाडी स्वेटर मोठं होत होतं, फार हळू. बरोबरीला गेले, स्वेटर पकडलं आणि त्यांच्यासकट रस्त्याखाली शेतात कोसळले. त्यांना ओढून बांधाच्या आडोशाला दाबलं. ते काही विचारत होते, मी त्यांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले.

आधी जमीन हलली. मग आवाज आला, आणि मग पांढरी धूळ. शेतात बारीक खडे टपटप पडले. मुठीएवढा एक दगड आमच्या सायकलींच्या पलीकडे येऊन पडला.

बाबांनी तळहात जमिनीवर टेकवलेला होता, तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पिंकी, तो भोंगा नव्हता ना?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली. मला रडू फुटलं.

लाल फडकेवाला धापा टाकत आला. तो खदानीचा माणूस, सुरुंगाच्या वेळी रोज मोठ्या रस्त्याच्या टोकाला उभा राहून लोकांना अडवणारा. आम्ही टपरीमागच्या वाटेने घुसलो होतो म्हणून त्याला चुकलो. आसपासच्या गावांना वेळ पाठ आहे, म्हणूनच रस्ता रिकामा होता. तो संतापाने ओरडला. "अतका चिल्लायेंव! भैरा हव का तुमन?" इतका ओरडलो मी, बहिरे आहात का?

"हां, बाबा को सुनाई नहीं देता," मी म्हटलं.

"अउ तँय?" त्याने विचारलं. आणि तू?

बाबांनीच हात जोडून त्याची माफी मागितली आणि पिशवीतली संत्री दिली.

धोका संपल्याचा भोंगा झाल्यावर आम्ही नहराच्या वाटेकडे निघालो. बाबांनी सायकल झटकली, हँडल सरळ केलं आणि म्हणाले, "आता तू पुढं हो. मले तू दिसली पायजे. दर खांबाले मी घंटी मारतो, म्हंजे तुले समजन मी हाओ." इतकं साधं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या मागे राहून काय उपयोग, हे सकाळीच कळायला हवं होतं. कुणी अशा माणसाला घेऊन निघणार असाल तर पुढे राहा, आणि रिकामा रस्ता दिसला की तो रिकामा का आहे हे दोघातिघांना विचारा.

विजेचा खांब आला की मागे घंटी वाजायची. त्यांची त्यांना ऐकू न येणारी घंटी. नहर संपेपर्यंत एकही खांब चुकला नाही, तरी प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये मी मागे वळून पाहत होते.

आईने दार उघडलं आणि बाबांच्या स्वेटरला लागलेलं धसकट पाहिलं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "पोरीनं पाडलं मले. नाही तं दगडाखाली असतो." मग मी सगळं सांगितलं, दोन बोटं दाखवली तेही. आई बराच वेळ माझ्या खरचटलेल्या गुडघ्यावर हळद दाबत बसली.

"ठेवा सायकल," शेवटी ती म्हणाली. "पण पोरगी पुढं असन तरच."

म्हणजे मी जिंकले. आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी बाबा खुर्चीत बसून मनगटावरचं घड्याळ काढत होते. ते अजून चाळीस मिनिटं पुढेच होतं. "किती वाजले?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइल पाहून त्यांच्या कानाशी सांगितलं, "सात वाजून दहा."

त्यांनी मान डोलावली. मग उठले, चष्मा लावला, आतल्या खोलीत जाऊन भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि परत येऊन काटा फिरवला.

"बराबर सांगतलं तू," ते म्हणाले.